दुखणे अंगावर काढू नये आणि पायही बांधून ठेवू नयेत: घरातल्या ज्येष्ठांच्या वेदना आणि हालचाल यांविषयी नवख्यांसाठी मार्गदर्शक

माझी आई लालबागच्या एका जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत असे. वयाच्या ७२व्या वर्षी तिचा उजवा गुडघा दुखू लागला, तेव्हा आम्ही भावंडे तिला रोज फोनवर एकच प्रश्न विचारत होतो, ‘आज गुडघा कसा आहे?’ आणि तिचे उत्तर ठरलेले असे, ‘बरा आहे.’ ते उत्तर खोटे नव्हते. तिने आधी बाजारात जाणे सोडले होते, कारण परत येताना पिशवी घेऊन जिना चढावा लागे. मग शेजारच्या चाळीतले भजन सोडले, कारण मांडी घालून बसता येत नव्हते. आणि त्यानंतर दुपारचे पाणी पिणे कमी केले, कारण संडास गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला होता. ज्या ज्या गोष्टीने दुखत होते ती ती गोष्ट तिने सोडून दिल्यामुळे गुडघा खरोखरच कमी दुखत होता. आठ महिन्यांनी मी दोन दिवस राहायला गेले आणि तिला खुर्चीतून उठण्यासाठी तीन वेळा प्रयत्न करावा लागतो हे पाहिले, तेव्हा आपण इतके दिवस चुकीचा प्रश्न विचारत होतो हे माझ्या लक्षात आले.

आई-वडिलांच्या किंवा सासू-सासऱ्यांच्या दुखण्याची जबाबदारी ज्यांच्यावर नुकतीच आली आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी डॉक्टर नाही. पण महापालिकेच्या रुग्णालयातील फिजिओथेरपी विभागाच्या बाकावर बसून आणि पुढे चार वर्षे घरी रोज करून जे शिकले, ते क्रमाने मांडत आहे.

पहिली पायरी: काय सोडून दिले आहे, याची वही

‘किती दुखते?’ हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा. एक साधी वही घ्या आणि आठवडाभर फक्त हालचालींची नोंद करा. सहा महिन्यांपूर्वी ही व्यक्ती कुठपर्यंत एकटी जात होती आणि आता कुठपर्यंत जाते. जिना दिवसातून किती वेळा उतरते. उतरताना दोन्ही पाय एकाच पायरीवर आणते का. देवपूजा बसून करते की उभ्याने. न्हाणीघरात कशाला धरून उभी राहते. रात्री कूस बदलताना जाग येते का. आपल्याकडच्या कितीतरी ज्येष्ठांना दुखणे अंगावर काढण्याची सवय असते, आणि मुलांना त्रास नको म्हणून ‘दुखत नाही’ असे सांगणे त्यांना कर्तव्यच वाटते. मात्र हळदीकुंकवाला का गेली नाहीस, या प्रश्नाचे उत्तर त्या सहज देतात, आणि त्या उत्तरात गुडघा, कंबर किंवा पडण्याची भीती आपोआप येते.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला हेही सांगता येत नसेल, तर अंघोळ घालताना किंवा उठवताना कपाळावर पडणाऱ्या आठ्या, कण्हणे, हात झटकणे, एरवी शांत असताना त्याच वेळी होणारी चिडचिड यांची नोंद करावी. ती चिडचिड पुष्कळदा स्वभावाची नसून सांध्याची असते.

दुसरी पायरी: दुखण्याने हालचाल कशी घटते आणि हालचाल घटल्याने दुखणे कसे वाढते, हे समजून घेणे

या पायरीवर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण हे कळले नाही तर पुढचे व्यायाम म्हणजे म्हाताऱ्या माणसाला दिलेली शिक्षा वाटू लागते.

सांध्यातील कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते, आणि पाय टेकताना पडणारा दाब व उचलताना सुटणारा दाब यांमुळे तो द्रव कूर्चेत आत-बाहेर होत राहतो. त्यामुळे सांधा पूर्ण विश्रांतीत ठेवला की तो वाचतो, हा आपला समज अपुरा आहे. सांध्याचा खरा भार पेलतात ते स्नायू, आणि ते वापराविना फार वेगाने झिजतात. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांतील स्नायूंचे वजन सरासरी १ किलोच्या आसपास घटलेले आढळले. तापानंतर किंवा कंबर धरल्यानंतर ‘आठवडाभर पडून राहा’ असे आपण किती सहज म्हणतो, याचा विचार या आकड्यासमोर करावा.

गुडघा दुखतो तेव्हा मांडीच्या पुढच्या स्नायूला मेंदूकडून मिळणारी चेतनाही कमी होते, म्हणजे स्नायू आहे तेवढासुद्धा पूर्ण जोराने आवळला जात नाही. मग पायरी उतरताना गुडघा सटकल्यासारखा वाटतो, माणूस घाबरतो, जिना टाळतो, मांडी आणखी बारीक होते, आणि तोच सांधा आधीपेक्षा कमी चालण्यानेही दुखू लागतो. त्यात रात्रीच्या दुखण्याने झोप मोडली तर दुसऱ्या दिवशी तेच दुखणे अधिक तीव्र जाणवते.

पडण्याचाही याच्याशी थेट संबंध आहे. बॉस्टन शहरात ७० वर्षांवरील ७४९ व्यक्तींचा पाठपुरावा करून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांचे दोन किंवा अधिक सांधे दीर्घकाळ दुखत होते, त्यांच्यात पडण्याचे प्रमाण न दुखणाऱ्यांपेक्षा जास्त दिसले. दुखणारा पाय वाचवताना तोल दुसरीकडे जातो, पाऊल नीट उचलले जात नाही, आणि लक्ष रस्त्यावर नसून दुखण्यावर असते. म्हणून दुखण्यावर उपचार करणे ही चैन नाही. तो पडणे टाळण्याचाच भाग आहे.

आणखी एक गोष्ट. एक्स-रेवर दिसणारी झीज आणि प्रत्यक्ष दुखणे यांचा मेळ प्रत्येक वेळी बसत नाही. चित्रात पुष्कळ झीज असूनही काही जण आरामात चालतात, तर काहींना थोड्याशा झिजेतही फार दुखते. आईला पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडे नेले, त्यांनी चित्र पाहून ‘वय झाले, जिना टाळा, आराम करा’ एवढेच सांगितले आणि आम्ही ते आज्ञेसारखे पाळले. त्या आठ महिन्यांचे मला आजही वाईट वाटते.

तिसरी पायरी: चालणे नेमके कशामुळे थांबते, याचा शोध

प्रत्येक मंद चालणे म्हणजे गुडघ्याची झीज नव्हे. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी त्या व्यक्तीबरोबर गॅलरीत किंवा इमारतीच्या आवारात चाला आणि कुठे, किती अंतरावर, कशामुळे थांबावे लागते ते नीट पाहा.

बसून उठताना पहिली काही पावले अवघडलेली पडतात आणि मग पाय मोकळे होतात, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत जातो, जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त दुखते, हे चित्र साधारणपणे झिजेच्या संधिवाताचे असते. सकाळी तासभर किंवा त्याहून अधिक काळ बोटे, खांदे, मनगटे आखडलेली राहत असतील आणि सांधे सुजत असतील, तर सुजेचा संधिवात असू शकतो आणि त्याचे औषध वेगळे असते. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत गोळा येतो आणि नुसते उभे राहिल्यावर काही मिनिटांत जातो, तेव्हा पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची शंका घ्यावी, विशेषतः मधुमेह किंवा तंबाखूची सवय असेल तर. याउलट दोन्ही पाय जड होतात, मुंग्या येतात, उभे राहून बरे वाटत नाही पण पुढे वाकले किंवा ओट्यावर बसले की वाटते, तर कण्यातील मज्जातंतूंची जागा अरुंद झालेली असू शकते. तळपाय गादीवर ठेवल्यासारखे बधिर वाटत असतील तर मधुमेह आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता तपासायला हवी. आपल्याकडे आयुष्यभर शाकाहारी राहिलेल्यांत ही कमतरता बरीच आढळते. आणि एका बाजूचा हात चालताना हलत नाही, पावले लहान पडतात, खांदा आखडला आहे, असे असेल तर त्यामागे कंपवात असू शकतो.

हे निदान घरी करायचे नाही. पण ‘पाय दुखतात’ एवढेच सांगण्याऐवजी ‘शंभर पावलांनंतर उजव्या पोटरीत गोळा येतो आणि उभे राहिल्यावर जातो’ असे सांगितले, तर गर्दीच्या ओपीडीत मिळणाऱ्या थोड्या मिनिटांचे सोने होते.

काही लक्षणांत मात्र वही, व्यायाम सगळे बाजूला ठेवून त्वरित रुग्णालय गाठावे: पडल्यानंतर जांघेत दुखणे आणि पायावर भार देता न येणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा अचानक जाणे, पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, तापासह एखादा सांधा लाल व गरम होणे, एकाच पोटरीला सूज येऊन दुखणे, चालताना छाती भरून येणे. रात्री पडून असतानाही न थांबणारे दुखणे आणि कारण नसताना घटणारे वजन हेही अंगावर काढू नये.

चौथी पायरी: घरच्या घरी मोजमाप

दोन साध्या चाचण्या पुरेशा आहेत. दोन्ही वेळी शेजारी कोणीतरी उभे असावे.

पहिली चाचणी खुर्चीची. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या साध्या खुर्चीवर बसून, दोन्ही हात छातीवर दुमडून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजा. अमेरिकेतील कोष्टकांत ७० ते ७९ वयाच्या स्त्रियांसाठी १० पेक्षा कमी हा आकडा सरासरीखालचा धरतात. आपल्या घरातला आकडा मुख्यतः त्याच व्यक्तीच्या पुढच्या आकड्याशी ताडून पाहण्यासाठी वापरावा. आईचा पहिला आकडा शून्य होता, कारण हात न टेकता तिला एकदाही उठता आले नाही. तेव्हा आम्ही हात टेकून उठण्यापासूनच सुरुवात केली.

दुसरी चाचणी अशी की, खुर्चीतून उठून, नेहमीच्या चालीने ३ मीटर जाऊन, वळून परत येऊन बसायचे. त्याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका गृहीत धरून तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. चाळीच्या गॅलरीत हे अंतर खडूने आखून ठेवता येते.

पाचवी पायरी: हालचाल परत आणणे

इथे नवख्यांची एक चूक ठरलेली असते. दुखणे पूर्ण थांबल्यावर चालायला सुरुवात करू, असे ते म्हणतात, आणि तो दिवस उगवत नाही. दुखणे शून्य ते दहा या मापात धरले, तर झिजेच्या सांध्यासाठी व्यायाम करताना चार-पाचपर्यंतचे दुखणे सहसा चालते, परंतु ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वीच्या पातळीवर आले पाहिजे. आले नाही, किंवा सांधा सुजला, तर व्यायाम बंद न करता निम्म्यावर आणावा.

दुसरी चूक याच्या उलट आहे. एक दिवस बरे वाटते, म्हणून गणपतीच्या आधीची सगळी साफसफाई त्याच दिवशी उरकली जाते, आणि मग तीन दिवस अंथरूण धरावे लागते. बऱ्या दिवशी जास्त आणि वाईट दिवशी काहीच नाही, या चढउतारात स्नायूही वाढत नाही आणि मनातली भीती तेवढी पक्की होते. म्हणून चालणे दुखण्यावर न ठरवता घड्याळावर ठरवावे. सलग ६ मिनिटे चालल्यावर त्रास होत असेल, तर ४ मिनिटांचे फेरे दिवसातून तीनदा करावेत, आणि दर आठवड्याला मिनिटभर वाढवावे. आईने सुरुवात गॅलरीतल्या दोन फेऱ्यांपासून केली. एका हाताला कठडा होता आणि थांबले की बोलायला शेजारच्या काकू होत्या, याचा तिला औषधाइतका उपयोग झाला.

चालण्याबरोबर ताकद आणि तोल यांचे व्यायाम हवेतच, कारण नुसत्या चालण्याने मांडी पुरेशी बळकट होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनांमध्येही ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणाऱ्या हालचाली सांगितल्या आहेत. घरी चार प्रकार पुरतात: पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो पाच सेकंद खाली दाबणे, खुर्चीतून सावकाश उठणे आणि त्याहून सावकाश बसणे, स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलणे, आणि ओट्याला धरूनच एका पायावर काही सेकंद उभे राहणे. किती वेळा करायचे ते फिजिओथेरपिस्टने त्या व्यक्तीला पाहून ठरवणे उत्तम. केईएम, शीव आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत हे विभाग आहेत, आणि हाजी अली येथे केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून हेच काम करते. तिथे रांग असते. पण एकदा पद्धत नीट शिकून आले की रोजचे काम घरीच करायचे असते.

वजन जास्त असेल तर त्याचा हिशेबही सांगायला हवा. जाड व्यक्तींच्या गुडघ्यांवर झालेल्या एका अभ्यासात शरीराचे १ किलो वजन कमी झाले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो असे दिसले. मात्र ज्येष्ठांनी उपास करून वजन घटवू नये, कारण त्यात स्नायूच आधी जातात. डाळ, उसळ, दूध, अंडी, मासे यांपैकी घरात जे चालते ते रोजच्या दोन्ही जेवणांत असावे.

सहावी पायरी: जिना, मोरी आणि रस्ता

मुंबईत ज्येष्ठांच्या हालचालीचे भवितव्य पुष्कळदा जिना ठरवतो. चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी टाकायचा, हा नियम पाठ करून घ्यावा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. आपल्याकडे कितीतरी लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. चपला घालून, हात सैल सोडून उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी, आणि खालचे रबर झिजले की बदलावे, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडावर.

भारतीय पद्धतीच्या संडासात गुडघा पूर्ण दुमडतो आणि वाटीवर मोठा दाब येतो. चाळीत सामायिक संडास असेल तर खुर्चीसारखा सुटा कमोड मिळतो, तो दुखण्याच्या दिवसांत तरी घरी ठेवावा. मोरीत बसायला रबरी पायांचे उंच स्टूल ठेवावे आणि भिंतीला पक्की मूठ बसवावी. नळाला धरून उठणे हे पडण्याला आमंत्रण आहे. भजन, सत्यनारायण, हळदीकुंकू अशा ठिकाणी खुर्ची मागण्याचा संकोच आपणच आधी मोडावा. यजमानांना फोन करून ‘आईसाठी एक खुर्ची ठेवा’ एवढे सांगितले की बसणे सुटत नाही, आणि माणसेही सुटत नाहीत.

बाहेर पडताना गर्दीची वेळ टाळून दुपारची लोकल घ्यावी, पुलाला लिफ्ट असेल तर तीच वापरावी, कारण सरकत्या जिन्यावर काठीसह पाऊल टाकायला चांगला तोल लागतो. सपाट जागा हवी असेल तर शिवाजी पार्कचा कट्टा उत्तम: पूर्ण फेरी सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर भरते, आणि थकल्यावर बसायला जागा शोधावी लागत नाही.

सातवी पायरी: गोळ्या

याबाबत थोडक्यात पण ठामपणे सांगते. औषधाचा उपयोग हालचाल शक्य करण्यासाठी आहे, म्हणून डॉक्टरांना विचारून ते व्यायामाच्या किंवा बाहेर जाण्याच्या वेळेशी जुळवून घ्यावे. डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या केमिस्टकडून स्वतःच आणून महिनोन्‌महिने देऊ नयेत. ज्येष्ठांत त्यांनी जठरातून रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर हा धोका वाढतो. गुडघ्यासाठी लावायचे जेल तुलनेने सुरक्षित असते. पॅरासिटामॉल सर्दीच्या गोळ्यांतही असते, त्यामुळे दिवसभराची बेरीज करावी. वातावरच्या बिननावाच्या पुड्या तर घरातच आणू नयेत, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. झोपेच्या आणि गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनी रात्री तोल जातो, हे प्रत्येक नव्या औषधाच्या वेळी आठवणीने विचारावे.

दुखणे उसळते तेव्हा

सगळे नीट चालू असतानाही एखाद्या सकाळी गुडघा किंवा कंबर धरेल. त्या दिवशीचे वेळापत्रक आधीच लिहून ठेवा: दोन दिवस चालणे निम्मे करायचे, बंद नाही, दर तासाला उठून खोलीत एक फेरी मारायची, सूज असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे, नुसता ताठरपणा असेल तर शेक, टॉवेल दाबण्याचा व्यायाम पलंगावरच चालू ठेवायचा. तिसऱ्या दिवसापासून आधीच्या वेळेच्या तीन चतुर्थांशावर यायचे. या दिवसांत घरच्यांनी पाण्याचा पेला हातात आणून देण्याची घाई करू नये. पाणी भरून ओट्यावर ठेवावे, आणि तिथपर्यंत जाताना हात देण्याच्या अंतरावर चालावे.

सहा ते आठ आठवड्यांनी दोन्ही चाचण्या पुन्हा घ्या आणि वहीचे पहिले पान उघडून सोडलेल्या गोष्टींतली कोणती परत आली ते पाहा. आईच्या वहीत तेव्हा गुडघ्याच्या दुखण्यापुढे जवळजवळ तोच आकडा होता, पण खुर्चीच्या रकान्यात पाच लिहिले होते आणि त्याखाली तिच्या अक्षरात ‘भजन’ असे होते. काहीच परत आले नसेल, किंवा आकडे घसरले असतील, तर तीच वही घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांना भेटा आणि सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेविषयी मोकळेपणाने विचारा. मांडीतली ताकद शाबूत असताना झालेल्या शस्त्रक्रियेनंतर पायावर उभे राहणे सोपे जाते, म्हणून हा प्रश्न माणूस खाटेला खिळेपर्यंत लांबवू नका.